एड्सगर डायक्स्ट्रा: घड्याळ नको, सिग्नल बघा!

मी ॲप टेस्टिंग करतो. माझी स्क्रिप्ट माऊस न हलवता आपोआप क्लिक पाठवायची. टेस्ट कधी पास, कधी फेल. कोड मात्र तोच! बटण स्क्रीनवर यायच्या आधीच क्लिक जात होतं. म्हणून मी २ सेकंदांचा थांबा टाकला. पण कॉम्प्युटर स्लो झाला की पुन्हा तेच रडगाणं.

उपाय मिळाला एड्सगर डायक्स्ट्रा यांच्या कामात. त्यांचा जन्म १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. शिकले भौतिकशास्त्र, पण रमले प्रोग्रामिंगमध्ये. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रामर' लिहिला, तर ॲम्स्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी तो मान्यच केला नाही! १९५९ मध्ये त्यांनी सर्वात जवळचा रस्ता शोधायची पद्धत प्रसिद्ध केली. मॅपवर रस्ता शोधायच्या बऱ्याच पद्धती तिच्यावरच उभ्या आहेत.

१९६० च्या दशकात त्यांनी 'सेमाफोर' आणला. अगदी रेल्वेच्या सिग्नलसारखा: एका प्रोग्रामने अंदाजाने थांबायचं नाही, दुसऱ्याचा सिग्नल मिळाला की पुढे जायचं. १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. २००२ मध्ये ते गेले.

मीही सेकंद मोजणं सोडलं. बटण दिसतंय का, जागेवर स्थिर आहे का, दाबता येतंय का, हे तपासूनच आता स्क्रिप्ट क्लिक करते. १० सेकंदांत जमलं नाही तर सरळ फेल. आता टेस्ट फेल झाली की खरंच काहीतरी बिघडलेलं असतं. पास झाली म्हणजे बग नाहीच, असं मात्र समजू नका; हेही डायक्स्ट्रांनीच बजावलं होतं.