छत्तीसगडचे गांधी : पंडित सुंदरलाल शर्मा

पोटापाण्यासाठी आपले वाडवडील महाराष्ट्र सोडून भिलाईस आले आणि या भूमीने त्यांना आपले म्हटले. पोलादाचा कारखाना, टाउनशिपमधील घर, मुलांच्या शाळा हे सारे आपण कृतज्ञतेने आठवतो; परंतु ज्या पाण्यावर हा संसार उभा राहिला, त्या तांदुळा व महानदीच्या पाण्याचा इतिहास आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. या इतिहासातील एक थोर पुरुष म्हणजे पंडित सुंदरलाल शर्मा.

त्यांचा जन्म 21 डिसेंबर 1881 रोजी राजिमजवळील चमसूर या खेड्यात झाला. महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांच्या संगमावरील राजिम म्हणजे छत्तीसगडचे प्रयागच. घरची शेतीवाडी असल्याने त्यांना अन्नवस्त्राची ददात नव्हती. काव्य, चित्रकला व शिल्प या तिन्हींत त्यांना गती होती. ‘दानलीला’ हे त्यांचे छत्तीसगढी काव्य अतिशय लोकप्रिय झाले आणि बोलीभाषेला त्याने साहित्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. असा हा रसिक मनाचा कवी राष्ट्रकार्यात ओढला गेला. 1907 च्या सुरत काँग्रेसला ते उपस्थित होते. त्यांनी स्वदेशी मालाची दुकाने काढली. त्यांत खोट आली आणि ती भरून काढताना वडिलोपार्जित मालमत्ता हातची गेली.

छत्तीसगडचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तळ्याच्या आधाराने जगत आला. आपल्या दुर्ग जिल्ह्यातील धमधा गावी ‘छै आगर छै कोरी’ म्हणजे एकशेसव्वीस तळी होती, असे लोक सांगतात. ही ‘कोरी’ म्हणजे आपल्या मराठीतील वीसांची ‘कोडी’च. तळे गावाने खणावे, गावाने राखावे आणि त्याचे पाणी गावाने वाटून घ्यावे, अशी ही रीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने महानदीवर रुद्री येथे बंधारा घालून कालवे काढले. अवर्षणाच्या प्रदेशात कालवा हे वरदानच होते. तंटा उपस्थित झाला तो कराराच्या अटींवरून. पाटबंधारे खात्यास दहा वर्षांचा करार हवा होता. शेतकऱ्यांचा हिशेब असा की, तेवढ्या रकमेत गावाचे स्वतःचे मोठे तळे होईल. त्यांनी करारास नकार दिला.

1920 च्या पावसाळ्यात धमतरीजवळच्या कंडेल गावावर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवण्यात आला. भर पावसात पाणी चोरण्याचे प्रयोजन काय, असा गावाचा सवाल होता. तथापि खात्याने साऱ्या गावावर मिळून चार हजारांहून अधिक रुपयांचा दंड बसविला. दंड भरावयाचा नाही, असे ग्रामस्थांनी ठरविले. गावचे मालगुजार छोटेलाल श्रीवास्तव रयतेच्या बाजूने उभे राहिले. पंडितजी त्यांच्या पाठीशी होते आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले हेही होते. भोसल्यांच्या काळापासून या भूमीशी एकरूप होत आलेल्या मराठी माणसाचा वाटा या लढ्यातही होता, हे आपण अभिमानाने नमूद केले पाहिजे.

सरकारने गुरांची जप्ती सुरू केली. शेतकऱ्याचा बैल जाणे म्हणजे पुढील वर्षाची भाकरी जाणे. जप्त केलेली जनावरे लिलावासाठी बाजारोबाजारी हिंडविण्यात आली. पण एकाही माणसाने बोली लावली नाही. मुकी जनावरे उपाशी राहून आजारी पडू लागली. आपली गुरे खंगताना पाहूनही गाव डगमगले नाही आणि कोणी हातही उगारला नाही. पंडितजी गांधीजींना आणण्यासाठी कलकत्त्यास गेले. गांधीजी येणार या वार्तेनेच अधिकारी नरमले. डिसेंबर 1920 मध्ये दंड रद्द झाला आणि गुरे धन्यांच्या दावणीला परत आली.

पाण्यामागोमाग जंगलाचा प्रश्न आला. जानेवारी 1922 मध्ये सिहावा भागातील आदिवासींनी सरपणाच्या हक्कासाठी व वेठबिगारीविरुद्ध जंगल सत्याग्रह केला. त्या वर्षी पंडितजींना कारावास घडला. तुरुंगातही त्यांनी हस्तलिखित पत्रिका चालविली. सामाजिक विषमतेविरुद्धही ते तितक्याच निर्धाराने झगडले. सतनामी बांधवांना त्यांनी यज्ञोपवीत दिले आणि 1925 मध्ये राजिम येथे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा पुढाकार घेतला. स्वकीयांचा रोष त्यांनी पत्करला. 1933 मध्ये छत्तीसगडच्या दौऱ्यावर आलेल्या गांधीजींनी अस्पृश्योद्धाराच्या कार्यात त्यांना वडीलकीचा मान दिला. 28 डिसेंबर 1940 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. स्वातंत्र्याची पहाट त्यांना दिसली नाही.

आज बिलासपूरचे मुक्त विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते. महानदीवरील गंगरेल धरणाचे पाणी शेतांना मिळते, तसेच भिलाईच्या कारखान्यालाही मिळते. या धरणासाठीही अनेक गावांना आपले घरदार सोडावे लागले. कंडेलच्या शेतकऱ्यांनी कालवा नाकारला नव्हता; नव्या व्यवस्थेत आपलेही मत विचारले जावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात एखादी सहल राजिम आणि कंडेलला न्यावी, मुलांना तो कालवा दाखवावा आणि ज्या भूमीचे पाणी आपण पितो, तिच्या या सुपुत्रास वंदन करावे.