रडार डिटेक्टरमधला भोंगा आणि जगदीशचंद्र बोस

मागच्या दिवाळीत माझ्या मामेभावानं पुण्याहून एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. दोन दरवाजे, बुटकी बॉडी, आणि सांगलीत प्रत्येक स्पीड ब्रेकरला पोट घासणार याची गॅरंटी. सोबत अमेरिकेतल्या नातेवाईकानं दिलेला एक जुना रडार डिटेक्टर होता. म्हणाला, तू इंजिनिअर आहेस ना, मग हा नीट बसवून दे, एकही वायर लोंबकळताना दिसता कामा नये.

मी सॉफ्टवेअरवाला. पण आपल्या घरांत इंजिनिअर म्हणजे पंख्यापासून मोबाईलपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

डिटेक्टरची केस तडकलेली होती, म्हणून ती आधी उघडली. आत सर्किट बोर्डाला चिकटून धातूचा एक छोटा चौकोनी भोंगा होता. तोंडाशी रुंद, मागे निमुळता. हवेतल्या रडार लहरी गोळा करून आत सोडणं हे त्याचं काम. याला हॉर्न अँटेना म्हणतात. तो सगळ्यात आधी वापरणाऱ्यांमध्ये एक प्रोफेसर होते, कलकत्त्यात, 1890 च्या दशकात. त्यांचं नाव जगदीशचंद्र बोस.

आधी थोडं रडारबद्दल

पोलिसांची रडार गन गाडीवर रेडिओ लहर सोडते. लहर गाडीवर आपटून परत येते तेव्हा तिची फ्रिक्वेन्सी किंचित बदललेली असते. 24 गिगाहर्ट्झच्या गनसमोर गाडी ताशी 100 किलोमीटरनं आली, तर हा फरक सुमारे 4,500 हर्ट्झ भरतो. मूळ लहर सेकंदाला 2,400 कोटी वेळा हलणारी, त्यात एवढासा फरक. त्यावरून वेग निघतो. डिटेक्टर स्वतः काही मोजत नाही. अशी लहर हवेत आहे एवढंच ओळखतो आणि ओरडतो.

या गन साधारण 24 आणि 35 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे लहरीची लांबी सव्वा सेंटीमीटर किंवा त्याहून कमी. बोस यांनी अडीच सेंटीमीटरपासून 5 मिलीमीटरपर्यंतच्या लहरींवर काम केलं होतं. दोन्ही गन या पट्ट्यात आरामात बसतात. आणि तेव्हा जगात रडार हा शब्दही नव्हता.

पगार न घेणारा प्रोफेसर

बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, मैमनसिंगचा. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील सरकारी अधिकारी, तरी त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. पुढे कलकत्त्यात सेंट झेवियर्स आणि मग केंब्रिज. तिथे लॉर्ड रॅले हे त्यांचे शिक्षक होते.

1885 मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. तिथे भारतीय प्रोफेसरला इंग्रज प्रोफेसरपेक्षा कमी पगार मिळायचा. बोस यांनी भांडण केलं नाही, राजीनामाही दिला नाही. रोज कॉलेजात जायचं, शिकवायचं, आणि पगार घ्यायचा नाही. असं तीन वर्षं चाललं. घरावर वडिलांचं कर्ज होतं, तरीही. शेवटी पूर्ण पगार मंजूर झाला, मागची थकबाकीही मिळाली. ती कर्ज फेडण्यात गेली.

आपल्याला पगार दोन दिवस उशिरा आला तरी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडायला लागतात. तीन वर्षं म्हणजे काय, याचा मी अजून विचार करतोय.

24 चौरस फुटांची लॅब

हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं रेडिओ लहरी असतात हे दाखवलं आणि 1894 मध्ये तो वारला. त्याच्या कामाबद्दल वाचून बोस यांनी याच लहरी आणखी आखूड करायचं ठरवलं. लहर आखूड, तर उपकरणही छोटं. मिळालेली खोली 24 चौरस फुटांची होती, त्यामुळे तेही सोयीचंच झालं.

कॉलेजकडून मदत फारशी नव्हती. एका स्थानिक पत्राकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी वस्तू बनवून घेतल्या. आपल्या मिरजेत तंबोरे घडवणारे कारागीर बघितले असतील, तर हाताच्या कसबावर किती बारीक काम होतं हे वेगळं सांगायला नको. लहरी एका दिशेनं गाळायला बोस यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक वापरलं, पानांमध्ये धातूचे पातळ कागद घालून. ज्यूटच्या पिळलेल्या जुड्यांवरही प्रयोग केले.

1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. लहर भिंतींतून आणि बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अंगातून आरपार गेली. सुमारे 75 फुटांवर घंटा वाजली, बंदुकीची दारू पेटली. जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हीच उपकरणं दाखवली. त्यात तो भोंगाही होता.

नीट वायरिंग म्हणजे नुसतं दिसणं नाही

बोस यांची मोठी डोकेदुखी होती भटक्या लहरी. ठिणगी पाडणारं यंत्र नको तिकडून लहरी सांडायचं आणि डिटेक्टर उगाच दचकायचा. म्हणून त्यांनी ते यंत्र धातूच्या पेटीत बंद केलं आणि लहर एका नळीतूनच बाहेर काढली.

गाडीत हेच डोक्यात ठेवून काम केलं. डिटेक्टर आरशाच्या शेजारी, समोरचा रस्ता मोकळा दिसेल पण ड्रायव्हरच्या नजरेत येणार नाही असा. वायर छताच्या लायनिंगमध्ये खोचली, मग काचेशेजारच्या खांबातून खाली. या खांबात पडद्यासारखी एअरबॅग असू शकते. वायर तिच्या पुढून कधीच न्यायची नाही, मागूनच न्यायची. नाहीतर अपघातात एअरबॅग अडकेल. फ्यूज बॉक्समध्ये मल्टीमीटर लावून, किल्ली फिरवल्यावरच करंट येणारा फ्यूज शोधला. त्यात फ्यूज टॅप बसवला आणि डिटेक्टरसाठी 2 अँपिअरचा वेगळा फ्यूज घातला. अर्थिंग बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला.

आष्ट्यावरून पेठ नाक्याला, तिथून हायवेनं साताऱ्यापर्यंत ट्रायल घेतली. वायर एक इंचही दिसत नव्हती. पण डिटेक्टर दर काही मिनिटांनी किंचाळत होता. पोलीस कुठेच नव्हते. बऱ्याच नव्या गाड्यांत शेजारची गाडी ओळखायला 24 गिगाहर्ट्झचे रडार सेन्सर असतात, तो त्यांनाच बघून घाबरत होता. वर आपल्याकडच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझर गन असतात. लेझर त्या भोंग्याला दिसतच नाही.

पेटंट आणि श्रेय

बोस यांना शोध विकायचा नव्हता. मित्रमंडळींनी फार आग्रह केला म्हणून 1901 मध्ये अमेरिकेत अर्ज झाला आणि 1904 मध्ये गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या डिटेक्टरचं पेटंट मिळालं. पैशासाठी ते त्याच्या मागे लागले नाहीत. मार्कोनीनं दूरच्या संदेशांसाठी लांब लहरी धरल्या, जग त्याच्या मागे गेलं. मिलीमीटर लहरींची गरज पडायला पुढची कित्येक दशकं लागली.

बोस स्वतः झाडांकडे वळले. झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ बनवलं, 1917 मध्ये कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उभारली, 1920 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीहमध्ये ते गेले.

1955 मध्ये पिअर्सन आणि ब्रॅटन यांनी रेडिओ लहरींसाठी सेमीकंडक्टर स्फटिक आधी वापरल्याचं श्रेय बोस यांना दिलं. यातले ब्रॅटन म्हणजे ट्रान्झिस्टर शोधणाऱ्यांपैकी एक. 2012 मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेनं त्यांच्या मिलीमीटर लहरींच्या कामाला माईलस्टोनचा मान दिला. तोपर्यंत बोस यांना जाऊन 75 वर्षं होत आली होती.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट आपल्या हातातल्या फोनची आहे. 2019 मध्ये गूगलच्या पिक्सेल 4 मध्ये 60 गिगाहर्ट्झचं रडार होतं. तो फोन भारतात आलाच नाही, कारण ती फ्रिक्वेन्सी इथे वापरायला परवानगी नव्हती. 60 गिगाहर्ट्झ म्हणजे 5 मिलीमीटर. बोस यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात तयार केलेली हीच लहर!

भावाला मी साताऱ्यातच चहा पिताना सगळं सांगितलं. फ्रान्ससारख्या देशात असा डिटेक्टर बाळगणंच गुन्हा आहे, हेही. शिवाय डिटेक्टर वाजतो तेव्हा लहर गाडीवर आपटलेली असते, अनेकदा वेग कमी करायला उशीर झालेला असतो. परत आल्यावर त्यानं स्वतःच तो काढून दिला. वायर आणि फ्यूज आहे तिथेच ठेवले, आता त्यावर डॅशकॅम चालतो.

डिटेक्टर माझ्या टेबलावर आहे, झाकण न लावलेला. घरी कोणी आलं की मी त्याला तो भोंगा दाखवतो आणि गोष्ट सुरू करतो.