मठाच्या बागेतील संशोधक

ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील एका लहानशा खेड्यात १८२२ साली योहान मेंडेलचा जन्म झाला. ते खेडे आज झेक प्रजासत्ताकात आहे. त्याचे वडील शेतकरी होते. १८३८ साली अंगावर लाकडाचा ओंडका पडून ते जायबंदी झाले आणि योहानचे शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या लग्नाच्या हुंड्यातील काही भाग भावाला दिला. हे ऋण तो कधीही विसरला नाही. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार त्याने आनंदाने उचलला.

१८४३ साली योहानने ब्रुन शहरातील मठात प्रवेश केला. तेथे त्याला ग्रेगर हे नाव मिळाले. शिक्षकाच्या परीक्षेत १८५० साली त्याला अपयश आले. १८५६ साली पुन्हा तेच घडले. पण तो खचला नाही. त्याच वर्षी मठाच्या बागेत त्याने वाटाण्यावरील प्रयोगांस आरंभ केला.

कळी उमलण्यापूर्वीच तो चिमट्याने तिच्यातील पुंकेसर काढून टाकी, दुसऱ्या झाडाचे पराग तीवर ठेवी आणि वर पिशवी बांधी. उंच व बुटक्या झाडांच्या संकरातून सर्व झाडे उंच निपजली. बुटकेपणा नाहीसा झाला काय? त्या झाडांचे बी पेरताच १०६४ झाडांपैकी ७८७ उंच आणि २७७ बुटकी निघाली. हरवलेला गुण परत आला होता; प्रमाण होते सुमारे तीनास एक!

मेंडेलने यातून अनुमान काढले, की प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात. बीज निर्माण होताना ते विलग होतात. एक पित्याकडून येतो, दुसरा मातेकडून. एक घटक दुसऱ्यास झाकून टाकतो, पण नष्ट करीत नाही.

सुमारे आठ वर्षे खपून, हजारो झाडे तपासून त्याने १८६५ साली ब्रुनच्या निसर्गाभ्यासकांपुढे आपला निबंध वाचला. परंतु त्याचे महत्त्व कोणालाच उमगले नाही. १८६८ साली तो मठाधिपती झाला आणि १८८४ साली निधन पावला. त्याच्या हयातीत कीर्ती त्याच्या दारी आली नाही.

१९०० साली तीन शास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे तेच नियम आढळले, तेव्हा जगाला मेंडेलची आठवण झाली. लवकरच सटन आणि बोव्हेरी यांनी दाखविले, की हे घटक पेशीतील गुणसूत्रांवर असतात. वाटाण्याच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात. अर्धगुणसूत्री विभाजनात त्यांच्या जोड्या सुटतात आणि प्रत्येक जननपेशीच्या वाट्यास सातच येतात. माणसाच्या ४६ गुणसूत्रांपैकी अशीच २३ आईकडून व २३ वडिलांकडून येतात. जोडीतील कोणते गुणसूत्र यावे, हे दर वेळी निराळे ठरते. म्हणूनच सख्खी भावंडेही एकसारखी नसतात.

मेंडेलने गुणसूत्रे कधी पाहिली नव्हती. केवळ वाटाण्याची झाडे चिकाटीने मोजून त्याने निसर्गाचे हे गूढ उकलले.