कर्णधारपदाविना कारकीर्द

पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्याचे कर्णधार होते पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराज भूपिंदरसिंग. महाराज मोजकेच सामने खेळले. संघ वारंवार हरला. गोलंदाजीचा मुख्य भार मात्र पस्तिशीतल्या एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने वाहिला आणि सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. त्यांचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. मूळ गाव कोकणातले पालवण. वडील लष्कराच्या सेवेत असल्याने बालपण पुण्यात गेले. पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरवण्याचे काम त्यांना मिळाले. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर ते रुजू झाले. तेथे जाळी लावणे, रेषा आखणे आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करणे, हे सारे त्यांच्याकडे आले. जे. जी. ग्रेग हे त्यातले सर्वांत निष्णात फलंदाज. आपल्याला बाद केल्यास ते दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. बाळूंच्या हाती बॅट मात्र क्वचितच पडली. फलंदाजी हा मालकवर्गाचा छंद, गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी ती श्रमविभागणी होती.

पुण्यातील हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. वाद झाला, अखेर त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. प्लेगच्या वर्षांत ते मुंबईला आले. तेथील हिंदू जिमखान्याने पुढे एक पाऊल टाकले, सहभोजनही मान्य केले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळवला, तेव्हा बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही संघात होते. समाजसुधारकांच्या नियतकालिकांत या घटनेची चर्चा क्रिकेटपेक्षा सामाजिक प्रयोग म्हणून अधिक झाली.

तरीही कर्णधारपद आले नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, अशी कामगिरी असलेला हा खेळाडू वर्षानुवर्षे इतरांच्या हाताखाली खेळला. न्यायबुद्धीने हेही नोंदवले पाहिजे की, पैसे घेऊन खेळणाऱ्याला नेतृत्व न देण्याची रीत इंग्लंडातही होती. बाळूंची तुलना ज्यांच्याशी होई ते विल्फ्रेड ऱ्होड्स इंग्लंडचे कर्णधार कधीच झाले नाहीत. विसाव्या शतकात तो मान व्यावसायिक खेळाडूला मिळायला १९५२ साली लेन हटन यांची वाट पाहावी लागली. आपल्याकडे वर्गाच्या या भिंतीवर जातीचा मजला चढला होता. (प्रशासनात हयात घालवलेल्यांना काम जाणणारा आणि सही करणारा यांतील अंतर ठाऊक असते.) १९२० साली धाकटे विठ्ठल यांना कर्णधारपदासाठी डावलले गेले, तेव्हा बंधूंनी संघातून माघार घेतली. तडजोड होऊन अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले आणि कर्णधार पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, जेणेकरून बाळूंना नेतृत्व करता यावे. विठ्ठल १९२३ मध्ये रीतसर कर्णधार झाले. बाळू तोवर निवृत्त झाले होते.

त्यांच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. बाळू इंग्लंडहून परतले तेव्हाच्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे सांगितले जाते. वीस वर्षांनी दोघे समोरासमोर आले. स्वतंत्र मतदारसंघांच्या वादात बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने, एम. सी. राजांसोबत उभे राहिले. हे राजा मद्रासच्या सेंट थॉमस माउंटचे. मी राहतो त्या कोवलमहून चेन्नईकडे जाताना ती टेकडी लागते, पण हे नाव आज तेथेही फार थोड्यांना आठवते. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. या कराराने राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, परंतु अंतिम मतदानात सवर्ण मतदारही सहभागी झाले.

त्याच व्यवस्थेत १९३७ साली काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. पक्षाला घराघरांत माहीत असलेले नाव हवे होते, यात शंका नाही. तथापि त्यांना केवळ प्यादे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. मंडपाबाहेरच्या मातीच्या भांड्यापासून एका पंगतीपर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतः केला होता; हिंदू समाज आतून बदलू शकतो, हा त्यांचा अनुभव होता. आंबेडकरांनी त्याच प्रवासातला विलंब आणि मेहेरबानी पाहिली. मतदारांनी आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते दिली.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्यांच्याविषयी जे ज्ञात आहे, त्यातील बराचसा भाग विठ्ठल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी आत्मचरित्रातून आला आहे.