गुरुकुंजाचे तुकडोजी महाराज

अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मास आलेला माणिक नावाचा मुलगा पुढे तुकडोजी महाराज म्हणून देशास ठाऊक झाला. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. १९३५ साली त्यांनी मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९४२ च्या लढ्यात तुरुंगवासही सोसला. हा चरित्रक्रम आमच्या वाचकांस परिचित असेलच. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्यांच्या व्यसनमुक्तीच्या कार्याविषयी.

साधू म्हटला की चिलीम आलीच, असा आपल्या लोकांचा जुना समज. या साधूने मात्र हाती खंजिरी घेतली आणि गावोगाव भजनांतून व्यसनांविरुद्ध लोकांस जागे केले. ते रागे भरत नसत असे नव्हे; पण विडी ओढणारा व न ओढणारा दोघेही त्यांच्या भजनास एकाच पंगतीत बसत, हे आम्हांस विशेष वाटते.

त्या काळी विडीचा हिशेब लोक पैशांत व खोकल्यात करीत. धुराने रक्तवाहिन्या अरुंद व कठीण होतात आणि त्याची झळ मूत्रपिंडांसही लागते, हे आज आपण जाणतो. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली त्यांचे रक्त यंत्राने शुद्ध करतात. बहुधा आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. त्यासाठी हातातील धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडावी लागते. हा जोड म्हणजे रोग्याची जीवनवाटच. रक्तवाहिन्या बिघडल्या की तोही धोक्यात येतो. या रोग्यांस मूत्रपिंडाइतकेच भय हृदयविकाराचे असते, आणि धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले आहे. उलट, विडी सोडलेल्यांची स्थिती न सोडणाऱ्यांहून बरी राहते. आता यंत्रावर आलोच, मग सोडून काय उपयोग, असे ज्या घरी बोलले जात असेल त्या घरासाठी आम्ही हे मुद्दाम लिहीत आहो.

महाराजांच्या हयातीत हा उपचार वऱ्हाडातील खेडुताच्या आवाक्यात नव्हता. त्यांचा उपाय रोगाच्या आधीचा होता. ४१ अध्यायांच्या ग्रामगीतेत त्यांनी गावाचे आरोग्य गावानेच राखावे असा मार्ग दाखविला.

कर्करोगाने ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे देहावसान झाले. गुरुकुंजात त्यांची समाधी आहे. पुण्यतिथीस तेथे असंख्य लोक स्तब्ध उभे राहून मौन श्रद्धांजली वाहतात. वडिलांचा हात धरून आलेली मुलेही त्यांत असतात.