डॉ. मॉड लिओनोरा मेन्टेन

ज्या घरांत वाढत्या वयाचीं मुलें आहेत, त्या घरीं कधीं ना कधीं हा प्रसंग येतो. मुलाला ताप येऊन जातो, डॉक्टर रक्त तपासावयास सांगतात, आणि दुसरे दिवशीं प्रयोगशाळेंतून एक कागद हातीं पडतो. त्यावर 'अल्कलाइन फॉस्फटेज' या नांवापुढें एक आंकडा असतो. शेजारीं छापलेली मर्यादा प्रौढ माणसांची असली, तर मुलाचा आंकडा तिच्या दुप्पट, क्वचित् त्याहूनही अधिक दिसतो, आणि आईच्या काळजांत धस्स होतें. वस्तुतः बहुधा भिण्यासारखें कांहीं नसतें. हाडें वाढत असतां तीं घडविणाऱ्या पेशी हा पदार्थ अधिक प्रमाणांत तयार करितात, व तो रक्तांत उतरतो. परंतु मुडदुसानें हाडें वांकलेल्या मुलाच्या रक्तांतही हा आंकडा वाढतो, आणि पित्ताचा मार्ग अडल्यानें कावीळ झालेल्या रोग्याच्या रक्तांतही वाढतो. तेव्हां कोणाच्या बाबतींत निश्चिंत राहावें व कोणावर तत्काळ उपचार करावे हें ठरविण्यास तो आंकडा बिनचूक असणें अत्यंत अगत्याचें आहे. तो बिनचूक यावा म्हणून ज्या नियमांचा आज प्रयोगशाळांत अवलंब होतो, त्यांचा पाया घालणाऱ्यांपैकीं एका विदुषीचें चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

मॉड लिओनोरा मेन्टेन यांचा जन्म कानडा देशांतील ऑन्टॅरिओ प्रांतीं पोर्ट लॅम्ब्टन या लहानशा गांवीं २० मार्च १८७९ रोजीं झाला. पुढें त्यांचें कुटुंब दूर पश्चिमेस, ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील हॅरिसन मिल्स या ठिकाणीं जाऊन राहिलें. नदी, अरण्य आणि तुरळक वस्ती यांच्या सान्निध्यांत त्यांचें बालपण गेलें. तेथून टोरोंटोच्या विश्वविद्यालयांत येऊन त्यांनीं १९०४ सालीं बी. ए. ची पदवी घेतली, १९०७ त वैद्यकाची पहिली पदवी मिळविली, आणि १९११ त एम. डी. झाल्या. त्या काळीं कानडांत ही पदवी मिळविणाऱ्या स्त्रिया अगदीं थोड्या होत्या. मधल्या काळांत न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत राहून, तेव्हां नवीनच हातीं आलेल्या रेडियम धातूचा गांठींच्या रोगांवर काय परिणाम होतो, याचा त्यांनीं अभ्यास केला होता. प्राण्यांच्या गांठींविषयीं त्या संस्थेनें १९१० सालीं आपला पहिला प्रबंधग्रंथ छापला, त्याच्या तिघां लेखकांत मेन्टेनबाई एक होत्या. क्लीव्हलंड येथील प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉर्ज क्राइल यांच्यापाशींही त्यांनीं रक्तांतील आम्लतेविषयीं काम केलें. रोगी भुलीखालीं असतां त्याच्या रक्तांत काय घडामोड होते, हा त्या वेळीं मोठा जिव्हाळ्याचा प्रश्न होता.

एवढी विद्या संपादन केल्यावर एखादीनें दवाखाना घातला असता व सुखानें दिवस काढले असते. मेन्टेनबाई १९१२ सालीं आटलांटिक महासागर ओलांडून बर्लिनला गेल्या. टायटॅनिक ही प्रचंड आगबोट ज्या वर्षीं बुडाली तेंच हें वर्ष होय. बर्लिनमध्यें त्यांना ज्यांच्यापाशीं शिकावयाचें होतें, ते प्रोफेसर लिओनोर मिखाएलिस कोणा थोर विश्वविद्यालयाच्या भव्य प्रयोगशाळेंत बसत नसत. शहराच्या 'आम उर्बान' नांवाच्या इस्पितळांत एका लहानशा जागेंत त्यांचें काम चाले. ते जातीनें यहुदी असल्यामुळें व इतर कारणांनीं त्यांना योग्यतेनुरूप जागा मिळाली नव्हती. एक परदेशी स्त्री, आणि एक उपेक्षित पंडित. अशा दोघांनीं एका वर्षांत जें काम केलें तें आज जगांतील प्रत्येक जीवरसायनाच्या पुस्तकांत आहे.

तें काम काय, हें थोडें विस्तारानें सांगणें आम्हांस भाग आहे. आमच्या शरीरांत एन्झाइम किंवा विकर नांवाचे असंख्य पदार्थ आहेत. अन्न पचविणें, हाड घडविणें, श्वासानें घेतलेल्या प्राणवायूचा उपयोग करणें, हीं सर्व कामें तेच घडवून आणितात, आणि इतकें करून स्वतः खर्च होत नाहींत. रक्त गोठलें म्हणजे वर जो पिवळसर पाणीदार भाग राहतो त्यास सीरम म्हणतात. त्यांतही हे विकर असतात. पण त्यांचें प्रमाण इतकें अल्प असतें कीं, सीरममधील इतर पदार्थांतून वेगळे काढून तराजूंत घालूं म्हटल्यास तें नित्याच्या तपासणींत शक्य नाहीं. मग ते मोजावे कसे? त्यांच्या कामावरून.

समजा, भिंतीपलीकडे कांहीं बायका दळीत आहेत. आपणांस त्या दिसत नाहींत. परंतु एका घटकेंत किती पीठ बाहेर येतें हें मोजतां आलें, तर दळणाऱ्या किती आहेत याचा अजमास करतां येईल. मात्र त्यांस धान्य मुबलक दिलेलें पाहिजे. धान्य थोडें दिलें, तर जेथें दोघी आहेत तेथें तें घटकाभर पुरेल, आणि जेथें वीस आहेत तेथें तें क्षणांत सरून बाकीचा वेळ जातीं रिकामीं राहतील. पीठ दोन्हीकडे सारखेंच निघेल आणि आपण फसूं. विकरांचेंही असेंच आहे. ज्या रोग्याचा आजार सर्वांत भारी, ज्याच्या सीरममध्यें विकर सर्वांत अधिक, त्याचाच आंकडा अशा रीतीनें खोटा व लहान निघतो. म्हणजे ज्यास धोका अधिक त्यालाच चुकीचा दिलासा! म्हणून किती धान्य म्हणजे मुबलक, हें ठरविण्याचा कांहीं नियम पाहिजे होता.

मेन्टेन व मिखाएलिस यांनीं यासाठीं साखर निवडली. यीस्टमध्यें इन्व्हर्टेज नांवाचा एक विकर असतो. तो उंसाच्या साखरेचे दोन तुकडे करून त्यांपासून ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साखरा तयार करितो. साखरेच्या पाण्यांतून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो, आणि साखर जसजशी फुटते तसतसा तो डावीकडे वळूं लागतो. हा कोन ज्या यंत्रानें मोजतात त्यास पोलॅरिमीटर म्हणतात. त्या काळीं त्यांतील प्रत्येक मोजणी डोळा लावून, दृष्टि ताणून करावी लागे.

हाच प्रयोग पॅरिस येथील व्हिक्टर आंरी यांनीं १९०३ सालीं केला होता, आणि त्यांनीं बसविलेलें समीकरण मूलतः बरोबरही होतें. त्यांचा उल्लेख न करतां पुढें जाणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. परंतु त्यांच्या प्रयोगांत दोन उणीवा राहिल्या होत्या. द्रावणाची आम्लता त्यांनीं आटोक्यांत ठेवली नव्हती. आणि नुकतेंच सुटलेलें ग्लुकोज कांहीं वेळपर्यंत प्रकाशाला निराळ्या कोनांतून वळवितें, हें ध्यानांत घेतलें नव्हतें. १९०९ सालीं डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंतील सोरेन्सन यांनीं आम्लता मोजण्याचें 'पीएच' हें माप जगाला दिलें, आणि विकरांचें काम आम्लतेवर किती अवलंबून असतें तें दाखविलें. मेन्टेनबाईंना रक्ताच्या आम्लतेचा अभ्यास असल्यामुळें त्या या गोष्टीचें महत्त्व चांगलें जाणत असल्या पाहिजेत, असें आम्हांस वाटतें. दोघांनीं द्रावणांत बफर घालून आम्लता स्थिर ठेविली, उष्णता स्थिर ठेविली, आणि ठरलेल्या वेळीं थोडें द्रावण काढून त्यांत अल्कली टाकिली. तिच्या योगें विकराचें काम तत्काळ थांबे, आणि ग्लुकोजचा कोनही लगेच आपल्या अखेरच्या मापावर येऊन ठरे. एका युक्तीनें दोन कामें साधलीं!

दुसरी गोष्ट त्यांनीं अशी केली कीं, आरंभींचाच वेग पाहिला. काम पुढें सरकलें म्हणजे तयार झालेल्या साखराच विकराच्या कामांत अडथळा आणूं लागतात, व मूळ साखर कमी होते. तेव्हां अगदीं प्रथमचा वेग तोच खरा. निरनिराळ्या साखरेच्या प्रमाणांत हा वेग मोजतां असें दिसून आलें कीं, साखर वाढविली असतां वेग आधीं झपाट्यानें वाढतो, मग हळूहळू वाढतो, आणि अखेरीस एका मर्यादेशीं येऊन ठेपतो. त्या मर्यादेच्या बरोबर निम्मा वेग ज्या प्रमाणांत मिळतो, तो त्या विकराचा स्थिरांक. आज त्यास मिखाएलिस-मेन्टेन स्थिरांक म्हणतात. ज्या पदार्थावर विकर काम करितो तो या स्थिरांकाइतका असेल तर वेग शेंकडा ५०, दहापट असेल तर सुमारें शेंकडा ९१, वीसपट असेल तर शेंकडा ९५. गणित आवडणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें स्वतः करून पाहावें: पदार्थाच्या प्रमाणास, तें प्रमाण व स्थिरांक यांच्या बेरजेनें भागावयाचें. धान्य किती म्हणजे मुबलक, या प्रश्नाचें हेंच उत्तर. सीरममधील कोणताही विकर मोजण्याची नवी रीत बसवितांना आजही रसायनज्ञ प्रथम हाच स्थिरांक काढितो.

हा लेख १९१३ सालीं एका जर्मन मासिकांत छापला गेला. त्यावर लेखकांचीं नांवें आहेत तीं अशीं: एल. मिखाएलिस आणि मिस मॉड एल. मेन्टेन. ज्या बाई दोन वर्षांपूर्वींच एम. डी. झाल्या होत्या, त्यांच्या नांवामागें 'डॉक्टर' नाहीं, 'मिस' आहे. पूर्वग्रहानें असो वा त्या काळच्या शिष्टाचारानें असो, आमच्या शाळेंतील मुलींनीं हें पान अवश्य ध्यानांत ठेवावें.

बर्लिनहून परतल्यावर त्यांनीं शिकागो विश्वविद्यालयाची जीवरसायनांतील पीएच. डी. १९१६ सालीं घेतली, आणि १९२३ पासून पिट्सबर्ग येथील वैद्यकीय विद्यालयांत विकृतिशास्त्र शिकवूं लागल्या. त्याच शहरांतील मुलांच्या इस्पितळाच्याही त्या विकृतितज्ज्ञ होत्या. अध्यापन, शवपरीक्षा, संशोधन, असा त्यांचा दिनक्रम दीर्घ असे. तरी त्या तैलचित्रें काढीत, क्लॅरिनेट वाजवीत, अनेक भाषा बोलत, झोंकदार हॅट घालीत, आणि एक जुनी फोर्ड मोटर स्वतः हांकीत. पूर्ण प्रोफेसरची जागा मात्र त्यांना १९४८ सालीं, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं मिळाली, व दोनच वर्षांनीं त्या सेवानिवृत्त झाल्या!

आरंभीं सांगितलेल्या अल्कलाइन फॉस्फटेजशींही त्यांचा संबंध आहे. त्यांनीं व दोघां सहकाऱ्यांनीं १९४४ सालीं अशी युक्ति काढिली कीं, मूत्रपिंडाच्या पातळ कापावर एक विशिष्ट फॉस्फेट घालावें. विकर जेथें असेल तेथें तें फुटून त्याचा सुटा भाग दुसऱ्या द्रव्याशीं संयोग पावतो आणि तेथेंच रंग उमटतो. विकर कोठें आहे हें सूक्ष्मदर्शकांतून डोळ्यांना दिसूं लागलें. त्याच वर्षीं गर्भाचें हिमोग्लोबिन व प्रौढाचें हिमोग्लोबिन हीं विजेच्या प्रवाहांत निरनिराळ्या वेगानें सरकतात, हेंही त्यांनीं सहकाऱ्यांसह दाखविलें.

सीरममधील मोजणी सुधारण्याचें काम अनेक देशांत चालूं होतें. १९३४ सालीं किंग व आर्मस्ट्राँग यांनीं फॉस्फटेज मोजण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती टोरोंटोमध्येंच तयार झाली होती. पण प्रत्येकाची रीत वेगळी, उष्णता वेगळी, माप वेगळें. त्यामुळें एका शहरांतील आंकडा दुसऱ्या शहरांत निरुपयोगी होई. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं १९५४ सालीं असें दाखविलें कीं, हृदयाचा झटका आल्यावर ट्रान्सअमिनेज नांवाचा विकर सीरममध्यें वाढतो. त्यानंतर एका मापाची गरज फारच तीव्र झाली. १९६१ सालीं आंतरराष्ट्रीय आयोगानें ठरविलें कीं, एका मिनिटांत एक मायक्रोमोल पदार्थ पालटील तेवढा विकर हें एक एकक मानावें. पुढें बहुतेक प्रयोगशाळांनीं शरीराचीच उष्णता, ३७ अंश सेल्सियस, ही मोजणीची उष्णता म्हणून स्वीकारिली. एक-दोन अंशांची चूक ही क्षुल्लक नव्हे. दहा अंशांत पुष्कळ विकरांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो.

यंत्रें कितीही उत्तम असलीं तरी रक्त घेतांना हयगय झाली तर सर्व व्यर्थ. नळी जोरानें हलविली व तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांतील लॅक्टेट डिहायड्रोजनेज सीरममध्यें मिसळून आंकडा भलताच वाढतो. रक्त गोठूं नये म्हणून ईडीटीए घातलेल्या नळींत फॉस्फटेजसाठीं रक्त घेतलें, तर त्या विकरास लागणारे जस्त व मॅग्नेशियम तें द्रव्य ओढून घेतें आणि आंकडा खालीं येतो. आणि एखाद्या सीरममध्यें विकर फारच असला, तर तंत्रज्ञ तें सीरम पातळ करून पुनः मोजितो, व आलेला आंकडा तितक्या पटीनें वाढवितो, म्हणजे धान्य सरण्याचा धोका राहत नाहीं. तंत्रज्ञ दुसऱ्यांदा रक्त मागतो तेव्हां पुष्कळ पालक रागावतात. तो बहुधा अशाच एखाद्या कारणासाठीं मागत असतो.

सेवानिवृत्त झाल्यावरही मेन्टेनबाई ब्रिटिश कोलंबियांत जाऊन कर्करोगाविषयीं संशोधन करीत राहिल्या. पुढें प्रकृति ढासळली, आणि १९६० च्या जुलै महिन्यांत ऑन्टॅरिओमधील लेमिंग्टन येथें त्यांचें देहावसान झालें. टोरोंटो विश्वविद्यालयांत १९७९ सालीं त्यांच्या स्मरणार्थ एक फलक बसविण्यांत आला. त्यांचा तो जर्मन लेख इंग्रजींत पूर्णपणें भाषांतरित होऊन प्रसिद्ध झाला तो २०११ सालीं. तेव्हां भाषांतर करणाऱ्या दोघां शास्त्रज्ञांनीं त्यांतील मोजण्या आजच्या संगणकांत घालून सगळें गणित नव्यानें केलें. इस्पितळाच्या लहान खोलींत, डोळा लावून घेतलेल्या त्या मोजण्यांवरून संगणकानें काढलेलें उत्तर, मेन्टेन व मिखाएलिस यांनीं हातानें काढलेल्या उत्तराशीं उत्तम जुळलें.