पळवणकर बाळू

वसई-विरारहून सकाळच्या गाडीने मुंबईस जाणाऱ्या मंडळींचे संभाषण ज्याने ऐकले असेल त्यास ठाऊक आहे की, क्रिकेटचा संघ जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी डब्यात दुसरा विषय निघत नाही. अमुक गोलंदाजास का वगळले, राखीव गड्यांत डावखोरा का नाही, तमक्यास कप्तानपद कोणाच्या शिफारशीने मिळाले, या प्रश्नांचा निकाल बोरिवली येण्यापूर्वी लागतो आणि अंधेरीस तो पुन्हा उकरून काढला जातो. विरारच्या पृथ्वी शॉ याने २०१८ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कप्तानपद भूषविले, तेव्हापासून तर आमचे विद्यार्थीही या वादात वडील मंडळींच्या बरोबरीने भाग घेऊ लागले आहेत. हा छंद मात्र नवा नव्हे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत व पुण्यात एका गोलंदाजाच्या निवडीवरून लोकांत असाच वाद माजला होता, आणि तो दहा वर्षांहून अधिक काळ चालला. त्या गोलंदाजाचे नाव पळवणकर बाळू.

बाळूंचा जन्म इ. स. १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पळवण. आडनाव त्यावरूनच पडले. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या समाजाने अस्पृश्य ठरविलेली. वडील लष्करी खात्याच्या नोकरीत पुण्यास असल्यामुळे मुलांचे बालपण छावणीच्या आसपास गेले. गोरे अधिकारी खेळून झाल्यावर जुनी बॅट, फाटका चेंडू टाकून देत; त्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी खेळाचे पहिले धडे गिरविले. शाळेत फार काळ राहणे घरच्या परिस्थितीमुळे शक्य नव्हते. प्रथम त्यांस पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याचे व रूळ फिरविण्याचे काम मिळाले, आणि पुढे १८९२ च्या सुमारास पुण्याच्या युरोपियन क्लबात दरमहा ४ रुपयांवर नोकरी लागली.

तेथील काम कोणते, तर खेळपट्टी लोळविणे, तिच्यावर चुन्याच्या रेघा मारणे, सरावाची जाळी उभी करणे, टेनिसची मैदाने आखणे. अधूनमधून गोऱ्या सभासदांस सरावासाठी चेंडू टाकणेही त्यात आलेच. डाव्या हाताने मंद गतीचे चेंडू टाकणारा हा पोऱ्या साहेब लोकांस चकवितो, ही गोष्ट लवकरच क्लबाच्या कप्तानाच्या लक्षात आली. ग्रेग नावाचे हे कप्तान त्या काळचे नामांकित फलंदाज. ते इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणास बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचा त्यांचा करार होता, असे सांगतात. महिन्याचा पगार ४ रुपये असताना आठ आण्यांची किंमत किती, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करावा.

बाळूंस शिक्षक असा कोणीच नव्हता. आज मुलास सातव्या वर्षी प्रशिक्षणवर्गात घालणाऱ्या पालकांस हे नवल वाटेल. परंतु शेकडो तास एकाच टप्प्यावर चेंडू टाकणे, तो कधी किंचित आखूड, कधी किंचित पुढे ठेवणे, समोरच्याच्या पायांची हालचाल पाहून हात राखणे, ही विद्या त्यांस त्या चाकरीतच साधली. मात्र चेंडू टाकणे हे त्या क्लबात चाकराचे काम समजले जाई व फलंदाजी हा साहेबाचा अधिकार. इतक्या वर्षांत त्यांच्या हाती सरावासाठीसुद्धा कोणी बॅट दिली नाही. गोऱ्यांच्या ठायी आपला स्पर्शास्पर्श नव्हता हे खरे, तथापि पायरी त्यांच्याकडेही होतीच. आणि आपण ख्रिस्ती लोकांनीही या विषयात मान वर करून बोलण्याचे कारण नाही. पंक्तीचा व जातीचा भेद आपल्या देवळांच्या दारांत आणि सोयरिकींतही दीर्घकाळ टिकून राहिला होता, हे वडील वाचक जाणतात.

पुण्यातील हिंदू क्लबाचे व युरोपियनांचे सामने सुरू झाले तेव्हा बाळूंस हिंदूंच्या संघात घ्यावे की नाही, हा प्रश्न निघाला. क्लबातील तेलुगू सभासद अनुकूल होते, काही ब्राह्मण सभासद प्रतिकूल. अखेर तडजोड निघाली ती अशी की, मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा, परंतु मैदानाबाहेर पूर्वीचे नियम पाळावेत. चहाच्या वेळी इतर गडी आत बसून चिनी मातीच्या पेल्यातून चहा घेत, तर बाळूंस तो बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट निराळे, बसण्याची जागा निराळी. हात-तोंड धुण्यास पाणी घालावयाचे झाल्यास अस्पृश्य समजला जाणारा दुसरा नोकर शोधावा लागे. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास होता. हा न्याय त्या वेळच्या विद्वानांस कसा पटला असेल, हे समजणे आज कठीण आहे.

परंतु विजयाचा परिणाम व्याख्यानापेक्षा लवकर होतो. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टी आठवडाभर लोळवून कठीण केली होती, असे नमूद आहे. तरीही बाळूंनी ७ गडी बाद केले व हिंदूंचा संघ सहज जिंकला. पुण्यास त्यांची मिरवणूक निघाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सभेत त्यांचा गौरव केला आणि ज्याच्यासह आपण खेळतो त्याच्यासह खाण्यापिण्यास हरकत का असावी, असा प्रश्न सभासदांपुढे ठेवला. पुढे लोकमान्य टिळकांनीही त्यांचा जाहीर सत्कार केला. राजकारणात व समाजकारणात परस्परांच्या विरुद्ध उभे राहिलेले हे दोन पुरुष एका गोलंदाजाच्या बाबतीत एकाच बाजूस आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुण्यात प्लेगने कहर केल्यावर बाळू सहकुटुंब मुंबईस आले. काही दिवस लष्करात काढून ते पुढे रेल्वेच्या नोकरीत शिरले, आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांची निवड झाली. येथेही काही सभासदांचा विरोध होता; कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरला म्हणून तो मागे पडला.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या हिंदूंनी युरोपियनांशी सामना खेळला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियनांस १९१ आणि १०२ एवढ्याच करता आल्या. १०९ धावांनी मिळालेल्या या जयात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ गडी बाद केले. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद देशभर झाला, आणि त्या संघात चर्मकार कुळातील दोन बंधू होते, याची दखल सुधारणावादी वृत्तपत्रांनी आवर्जून घेतली.

पुढील वर्षापासून पारशी, युरोपियन व हिंदू यांचे तिरंगी सामने भरू लागले, १९१२ साली मुसलमानांचा संघ येऊन चौरंगी झाले, व १९३७ साली इतर जमातींचा पाचवा संघ आला. या पाचव्या संघातून आमच्या महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजातील विजय हजारे खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या. विषयांतर झाले खरे, पण आपल्या मुलांस हा आकडा ठाऊक असावा, म्हणून लिहिले. धर्मावर संघ उभारण्याची ही पद्धत १९४६ नंतर बंद झाली, हे योग्यच झाले.

बाळूंच्या कीर्तीचा कळस १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात झाला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली गेलेला हा पहिला अखिल भारतीय संघ. निवड करताना गुणाबरोबरच पारशी, हिंदू व मुसलमान यांच्या वाट्याचाही विचार झाला. खुद्द महाराज थोडेच सामने खेळले, आणि मिस्त्री हे उत्तम फलंदाज त्यांच्या खासगी सेवेत असल्याने संघास क्वचितच लाभले. मागे उरलेल्या संघात दुसरी फळी दुबळी होती. फलंदाज लवकर बाद होत, क्षेत्ररक्षकांच्या हातून झेल सुटत, आणि गोलंदाजीचा भार फिरून फिरून बाळूंवर येई. १४ प्रथम श्रेणीच्या सामन्यांपैकी १० हरले, २ जिंकले. अशा संघातून पस्तिशी गाठलेल्या या गृहस्थाने, खांदा दुखत असताना, सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, व तेही प्रत्येकी १९ हून कमी धावा देऊन. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी घेतले. कित्येक इंग्लिश कौंटी संघांनी त्यांस आपल्याकडे खेळण्याविषयी सुचविले, असेही सांगतात.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या वीस वर्षांच्या एका महाविद्यालयीन तरुणाने तयार केले होते, असे इतिहासकार लिहितात.

इतके झाल्यावर हिंदूंच्या संघाचे कप्तानपद कोणास मिळावे? वयाने वडील, अनुभवाने सर्वांत पुढे, इंग्लंडात नाव मिळविलेला, असा गडी संघात एकच होता. दर वर्षी चौरंगी सामने जवळ आले की हा प्रश्न निघे, पत्रांतून त्याची चर्चा होई, जिमखान्याच्या पायऱ्यांवर लोक भांडत, आणि निवडसमिती दर वर्षी दुसऱ्याच एखाद्या उच्चवर्णीय खेळाडूस नेमी. १९१३ साली मु. दा. पै हे कप्तान झाले. त्यांच्या ज्ञातिबांधवांनी सत्कार केला तेव्हा या सज्जन गृहस्थाने भर सभेत सांगितले की, हा मान वस्तुतः आपले मित्र बाळू यांचा होता. माझ्या मते त्या काळच्या सर्व कप्तानांत पै यांची ही एक कृती कोणत्याही शतकाहून मोठी आहे. समितीवर तिचा परिणाम झाला नाही.

बाळूंनी स्वतः कधी तक्रार केली नाही. ते चेंडू टाकीत राहिले. तक्रार केली ती धाकट्या बंधूंनी. १९२० साली निवडसमितीने बाळूंस संघातूनच वगळले. वय चाळिशीच्या पुढे गेले होते, म्हणून एवढ्याने कोणी बोलले नसते. पण कप्तान पै आजारी पडले, आणि शिवराम व विठ्ठल हे दोन अनुभवी पळवणकर बंधू संघात असताना पहिल्या सामन्याचे नेतृत्व पुण्याच्या दि. ब. देवधर यांजकडे गेले. देवधर पुढे थोर खेळाडू म्हणून गाजले, त्यांस दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्या वेळी ते वयाने व अनुभवाने कनिष्ठ होते. दोघा बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि वृत्तपत्रांत पत्र प्रसिद्ध करून, ही निवड गुणाने नव्हे तर जातीने झाली, असे उघड लिहिले. त्याच वर्षी गांधीजींनी अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न राष्ट्रापुढे ठेवला होता. लोकमत बंधूंच्या बाजूस झुकले. अंतिम सामन्यासाठी समितीस नमते घ्यावे लागले. बंधू परतले, बाळूंस पुन्हा संघात घेऊन उपकप्तान नेमले गेले. पै मधूनच मैदान सोडून गेले आणि काही काळ हिंदूंचा संघ बाळूंच्या आज्ञेने खेळला. दहा वर्षे ज्याची वाट पाहिली तो अधिकार अशा रीतीने, तात्पुरता, हाती आला. १९२३ साली विठ्ठल यांस रीतसर कप्तान नेमण्यात आले व त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले.

२००१ सालच्या लगान चित्रपटातील कचरा हे पात्र पाहून पुष्कळांस बाळूंची आठवण होते. साम्य आहे, पण एक भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. चित्रपटातील गोलंदाजाचा चेंडू हाताच्या व्यंगामुळे आपोआप वळतो. बाळूंचा चेंडू आपोआप वळत नव्हता.

खेळ सोडल्यावर ते सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. मतदारसंघांच्या प्रश्नावर डॉ. आंबेडकरांशी त्यांचा मतभेद झाला होता, आणि १९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांस डॉक्टरांविरुद्धच उभे केले. तरुणपणी ज्यांचा गौरव केला त्यांच्याशीच सामना करण्याचा प्रसंग डॉक्टरांवर आला. डॉ. आंबेडकर निवडून आले. बाळूंस ११ हजारांवर मते पडली व सुमारे २ हजारांनी त्यांचा पराभव झाला. दलितांचा पुढारी कोण, हे ठरविण्यास त्या वेळी समाजापुढे अशी दोन माणसे होती, हेच मला विशेष वाटते.

विठ्ठल यांनी १९४८ साली माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर सात वर्षांनी, ४ जुलै १९५५ रोजी, बाळू मुंबईत निवर्तले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले होते.